अपवाद आणि झाकलेला नियम: एसडीएनमधली फसवी जोडी

एसडीएन (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग) म्हणजे कंट्रोलर नावाचं मध्यवर्ती सॉफ्टवेअर सगळ्या नेटवर्क स्विचना नियम देतं अशी पद्धत. तिचे नियम तपासणारं टूल चालवलं की 'कॉन्फ्लिक्ट'च्या यादीत अपवाद आणि झाकलेला नियम शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींत एका नियमाचे पत्ते दुसऱ्याच्या पोटात बसतात आणि दोघांची कृती उलट असते. तरी पहिला मुद्दाम केलेला असतो, दुसरा घात करतो.

समजा, अंधेरीच्या ऑफिसचं नेटवर्क १०.२०.०.०/१६ आहे, म्हणजे १०.२० ने सुरू होणारे सगळे पत्ते. तिथून पवईतल्या डेटाबेस सर्व्हरच्या ३३०६ पोर्टकडे जाणारी पॅकेट्स (डेटाचे तुकडे) ड्रॉप करायची; सूट फक्त अकाउंट्सच्या १०.२०.७.०/२४ ला, म्हणजे १०.२०.७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना. सूट देणाऱ्या नियमाची प्रायॉरिटी २०० आणि बंदीची १०० ठेवली की झाला अपवाद, कारण ओपनफ्लोमध्ये, म्हणजे स्विचना नियम देण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, मोठा आकडा जिंकतो. हेच आकडे उलटे करा. सूट देणारा नियम स्विचच्या टेबलात बसलेला दिसेल, पण त्याच्यापर्यंत एकही पॅकेट पोहोचणार नाही; हाच झाकलेला नियम. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी आणि दुधाच्या गाड्यांना सूट असते. नाक्यावरच्या हवालदाराने सूट देणारं कलम वाचायच्या आधीच गाडी परतवली, तर सूट कागदावरच राहते.

इथे निदान अकाउंट्सवाले तक्रार तरी करतात. व्हायरस लागलेल्या मशीनला रोखणारा नियम एखाद्या सैल परवानगीखाली झाकला गेला, तर तक्रार करायला कुणीच नसतं. म्हणून मला हा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो.

अशी चूक सहज होते. कंट्रोलरवर फायरवॉल आणि लोड बॅलन्सर (ट्रॅफिक अनेक सर्व्हरांत वाटणारं) ही दोन ॲप्स आपापले आकडे लावतात. ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचच्या कमांडमध्ये प्रायॉरिटी द्यायची राहिली, तर नियमाला ३२७६८ मिळते, आणि तो १००-२०० वाल्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो. स्विच तक्रार करत नाही. ओपनफ्लोचा 'चेक ओव्हरलॅप' फ्लॅगही फक्त समान प्रायॉरिटीचे नियम तपासतो, म्हणजे या दोन्ही प्रकारांत तो उपयोगाचा नाही.

नियमाला किती पॅकेट्स लागली ते मोजणारा पॅकेट काउंटर शून्यावर अडकला असेल तर संशय घ्यावा. मात्र कधी कधी तशी पॅकेट्स आलेलीच नसतात. तेव्हा ओपन व्हीस्विचच्या ट्रेस कमांडला नमुन्याचं पॅकेट देऊन ते कोणत्या नियमाला लागतं ते बघावं.

आणि नियम दोन-दोन ताडून थांबू नये. १०.२०.७.०/२५ आणि १०.२०.७.१२८/२५ हे आपल्या /२४ चे दोन अर्धे भाग; त्यांच्या नियमांपैकी एकटा कुणीही आपल्या /२४ ला पूर्ण झाकत नाही. दोघांची प्रायॉरिटी वरची असेल, तर मिळून ते त्याला पुरतं गाडतात.