डीएनबी फॅमिली मेडिसिन : पात्रता, कागदपत्रे आणि पसंतीक्रम भरण्यापूर्वीची पडताळणी

एमबीबीएसनंतर फॅमिली डॉक्टर होण्यासाठी रीतसर पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल, तर आपल्याकडचा मुख्य मार्ग म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाचा, म्हणजे एनबीईएमएसचा, तीन वर्षांचा डीएनबी (डिप्लोमेट ऑफ नॅशनल बोर्ड) फॅमिली मेडिसिन हा अभ्यासक्रम होय. या विषयातील एमडीच्या जागा फार थोड्या आहेत.

प्रवेश नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरच मिळतो. त्यासाठी मान्यताप्राप्त एमबीबीएस पदवी, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडील किंवा राज्य वैद्यकीय परिषदेकडील कायम अथवा तात्पुरती नोंदणी आणि त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या तारखेपर्यंत पूर्ण होणारी इंटर्नशिप आवश्यक असते. पात्रतेची नियमित मर्यादा खुल्या व ईडब्ल्यूएस प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल, खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी ४५ आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींसाठी ४० अशी आहे. जागा रिकाम्या राहिल्यास ती काही वर्षी खाली आणली गेली आहे.

परीक्षेचा अर्ज मंडळाकडे आणि प्रवेशफेऱ्यांची नोंदणी एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे, असे हे दोन स्वतंत्र अर्ज आहेत. निकाल लागला म्हणजे नाव आपोआप फेरीत जाते, असा समज करून घेऊ नये.

रुजू होताना नीट-पीजीचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, जागावाटपाचे पत्र, एमबीबीएसच्या सर्व गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्णतेचा दाखला, परिषदेची नोंदणी, जन्मतारखेचा पुरावा आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र हे सारे मूळ प्रतींसह लागते. आरक्षणाचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला हवा. महाराष्ट्रातील उमेदवारांची अडचण बहुधा इथेच होते : राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय फेऱ्यांत चालत नाही, आणि ओबीसी म्हणून अर्ज करायचा तर जात केंद्राच्या यादीत असावी लागते व नॉन-क्रीमी लेयरचा दाखलाही त्याच नमुन्यात काढावा लागतो. एसईबीसी उमेदवार निकषांत बसत असल्यास त्याने ईडब्ल्यूएसचा केंद्रीय दाखला वेळेत काढून ठेवावा.

रुग्णालयांचा पसंतीक्रम भरताना बहुतेकजण शहर आणि विद्यावेतन पाहतात. माझ्या मते त्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावरील या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून वाचावा, कारण रुग्णालय पारखण्याचे तेच खरे माप आहे. औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती आणि अपघात विभाग अशा अनेक ठिकाणी आळीपाळीने काम करणे हा या प्रशिक्षणाचा गाभा असून, पाळ्या कागदावर आखलेल्या असणे आणि त्या प्रत्यक्षात मिळणे यांत अंतर पडू शकते. मनुष्यबळ अपुरे असलेल्या विभागात एकाच विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने अडकवून ठेवले, तर प्रसूती किंवा बालरोगाची बाजू कच्ची राहते, आणि फॅमिली डॉक्टरकडे येणारे रुग्ण तर विभागवार वाटून येत नाहीत. म्हणून तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नेमके विचारावे : पाळ्यांचे वेळापत्रक लेखी मिळते का, बाह्यरुग्ण विभागात रुग्ण स्वतः तपासू दिले जातात का, त्याच रुग्णांचा पाठपुरावा करता येतो का, केलेल्या कामाची नोंद ठेवणाऱ्या लॉगबुकवर मार्गदर्शक नियमित सह्या करतात की वर्षाअखेरीस एकदम? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेच काही सांगून जाते. शिकवणाऱ्यांनीही अभ्यासक्रमातील कौशल्यांची यादी प्रत्येक पाळीच्या आरंभी विद्यार्थ्यासमोर ठेवली, तर काय शिकायचे राहिले हे पाळी संपण्यापूर्वीच कळते.

रुजू झाल्यावर प्रबंधाचा आराखडा, दरवर्षीची एफएटी (फॉर्मेटिव्ह असेसमेंट टेस्ट) ही अंतर्गत चाचणी आणि तीन महिन्यांचा जिल्हा निवासी कार्यक्रम या गोष्टी पुढे येतात. यातील जिल्हा रुग्णालयातील तीन महिने या विषयाच्या विद्यार्थ्याने सक्तीचे म्हणून उरकू नयेत. अंतिम लेखी परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांच्या चार प्रश्नपत्रिका असतात आणि त्यानंतर प्रात्यक्षिक होते. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्यांनी ही अर्हता महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवून मगच ती पाटीवर लिहावी.