सीआरपी ८६, प्रोकॅल्सिटोनिन ०.०८: मग घाबरायचं की नाही?

सोलापुरात गड्ड्याची यात्रा ऐन भरात आली आणि इकडे आत्या तापाने आडवी झाली. वय ६४, उभी हयात विड्या वळण्यात गेलेली, त्यामुळे खोकला तिला नवा नाही. पण या वेळी तिला अंथरुणातून उठवेना. दुसऱ्या दिवशी रिपोर्टची पीडीएफ घरच्या ग्रुपवर आली. सीआरपी ८६, समोर वर जाणारा बाण. प्रोकॅल्सिटोनिन ०.०८, बाण नाही. पाचव्या मिनिटाला आतेभावाचा फोन: "एक म्हणतंय लई वाढलंय, दुसरं म्हणतंय काहीच नाही. दोन्ही इन्फेक्शनच्याच टेस्ट की बे! लॅबचं चुकलंय का?"

लॅबचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही आकडे तापातच बघतात, एकाच नळीभर रक्तातून निघतात, म्हणून जुळे वाटतात एवढंच.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकोकस जंतूच्या भिंतीत 'सी' नावाची एक शर्करा असते, तिला ते चिकटायचं. नाव तिथून पडलं. पण जंतूवरून नाव पडलं म्हणून ते जंतूचंच प्रोटीन ठरत नाही. ते आपलं यकृत बनवतं, आणि त्याला हुकूम मुख्यतः इंटरल्युकिन-६ या रसायनाकडून मिळतो. हे रसायन विषाणूमुळे सुटतं, जिवाणूमुळे सुटतं, संधिवातात सुटतं, ऑपरेशननंतरही सुटतं. आमच्याकडे पूर्व भागात गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की माग चालू असल्याचं कानाला कळतं. कोणाचे आणि त्यावर टॉवेल चाललाय की चादर, ते आत गेल्याशिवाय नाही. सीआरपी म्हणजे तो खडखडाट. सूज किती आहे हे तो सांगतो, कशाने आली ते नाही.

प्रोकॅल्सिटोनिनचं गणित निराळं आहे. कॅल्सिटोनिन हे थायरॉइडमध्ये बनणारं हार्मोन, आणि हा त्याचा कच्चा माल. धडधाकट माणसाच्या रक्तात तो जवळजवळ नसतोच. शरीरात जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की मात्र थायरॉइड सोडून इतर अवयवांच्या पेशीही तो बनवून रक्तात सोडू लागतात. ही बाब १९९३ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी मांडली. विषाणूच्या आजारात गॅमा इंटरफेरॉन हे रसायन वाढतं आणि ते या उत्पादनाला लगाम घालतं. म्हणून आत्याचा ०.०८. छातीच्या संसर्गात साधारण मिलिलिटरमागे ०.२५ नॅनोग्रॅमच्या खाली आकडा असला की जिवाणूंचा संशय कमी होतो, ०.५ च्या वर गेला की बळावतो.

आत्याची तक्रार नेमकी इथेच होती. "एवढा ताप, आणि डॉक्टरने अँटिबायोटिक दिलंच नाही!" डॉक्टरांनी इन्फ्लुएन्झा, म्हणजे फ्लू, धरून ऑसेल्टामिविर हे विषाणूवरचं औषध सुरू केलं होतं, कारण ते पहिल्या ४८ तासांत दिलं तर सगळ्यात उपयोगी. फक्त एक आकडा बघून त्यांनी हे ठरवलं नव्हतं. एक्स-रे स्वच्छ होता, ऑक्सिजन ९५. एक्स-रेत न्यूमोनिया दिसत असेल तर प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे म्हणून अँटिबायोटिक रोखू नये, असं २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. किडनी बिघडलेल्या माणसात हा आकडा संसर्ग नसतानाही चढलेला असू शकतो. गंभीर कोविडमध्येही तो थोडा वाढलेला सापडायचा.

आता आतेभावाचा खरा प्रश्न: "आई बरी होईल का, ते यातून कळतं का?"

थोडंसं कळतं. विषाणूच्या आजारात सीआरपी फार वर गेलेल्यांना ऑक्सिजन लागण्याची शक्यता जास्त, हे कोविडमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं. कोविडवरची औषधं तपासणाऱ्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत टोसिलिझुमॅब (इंटरल्युकिन-६ ला अडवणारं औषध) द्यायला ऑक्सिजन कमी असणं आणि सीआरपी किमान ७५ असणं या दोन्ही अटी होत्या. पण त्याच देशात २०२० मध्ये तयार झालेला ४सी स्कोअर बघा. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णाच्या मृत्यूचा धोका तो २१ पैकी गुणांवर मोजतो. त्यात सीआरपीला जास्तीत जास्त २ गुण. वयाला ७! आत्याला कोविड नव्हता, त्यामुळे हा हिशोब तिला लागू नाही. पण प्रमाण कळावं म्हणून सांगतो, तिच्या ८६ ला त्यात १ गुण मिळाला असता आणि ६४ या वयाला ४. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, युरिया यांचे गुण वेगळेच. प्रोकॅल्सिटोनिन तर त्या यादीतच नाही. म्हणजे बाण बघून हबकलेल्या आमच्या ग्रुपने आत्या मिनिटाला किती श्वास घेते हे मोजलं असतं, तर जास्त कामाचं होतं.

प्रोकॅल्सिटोनिनचा भविष्यासाठी उपयोग थोडा आडवळणाचा आहे. फ्लूचा माणूस सुधारत असताना पुन्हा तापाने फणफणला आणि हा आकडा अचानक चढला, तर विषाणूच्या मागून जिवाणू शिरल्याची शंका येते. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा मागून आलेल्या न्यूमोनियानेच झाले, असं आज मानलं जातं.

रक्त कधी काढलं हेही बघावं लागतं. प्रोकॅल्सिटोनिन तीन-चार तासांत चढू लागतं. सीआरपीला सहा-आठ तास लागतात आणि त्याचा कळस दोन दिवसांनी येतो. ताप आल्या आल्या धावत जाऊन केलेला सीआरपी म्हणूनच कधी खोटा दिलासा देतो. उतरताना मात्र तो भरवशाचा: सूज थांबली की सुमारे १९ तासांत निम्मा होतो.

तीन दिवसांनी आतेभावाने आत्याचं रक्त दुसऱ्या लॅबमध्ये दिलं आणि ग्रुपवर जाहीर केलं, "८६ वरून थेट ४.१! आई ठणठणीत!" आत्या त्या वेळी शेंगा चटणी का देत नाही म्हणून भांडत होती, तेव्हा निष्कर्ष अगदीच चुकीचा नव्हता. पण पहिल्या लॅबचा आकडा लिटरमागे मिलिग्रॅमचा होता, या लॅबचा डेसिलिटरमागे. म्हणजे ४.१ नव्हे, ४१. मी युनिटच्या रकान्याभोवती लाल गोल काढून फोटो परत पाठवला.