मेकॉलेचं ते 'भाषण' झालंच नव्हतं

"मी भारत उभा-आडवा पालथा घातला, पण एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही." इंग्रज अधिकारी थॉमस मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत असं भाषण केलं आणि या देशाचा कणा मोडायला इथलं शिक्षण बदला म्हणाला, हा मजकूर त्याच्या चित्रासकट वर्षानुवर्षं फिरतोय. शिक्षणावर वाद पेटला की कुणीतरी तो टाकतंच.

आधी तारीख बघा. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच, कलकत्त्यात होता. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला, उटीला जाऊन गव्हर्नर जनरल बेंटिंकला भेटला, मग कलकत्ता गाठलं. मायदेशी परतला थेट १८३८ मध्ये. तेव्हा सुएझ कालवा नव्हता. विलायतेला पोचायला आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने लागत.

तारीख मात्र खरी आहे, म्हणूनच माणसं फसतात. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणविषयक टिपण आज कुणालाही वाचता येतं. त्यात भारताचं असलं कौतुक औषधालाही सापडत नाही. उलट, चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची आहे, असं तो लिहितो. रक्ताने आणि रंगाने भारतीय, पण आवडीने, मतांनी, नीतीने आणि बुद्धीने इंग्रज असा वर्ग घडवायचा, हेही त्यातच आहे.

हे वाचताना मला संताप येतो. मेकॉलेला जाब विचारायला ही त्याची स्वतःची वाक्यं पुरेशी आहेत. बनावट वाक्य पुढे केलं, की समोरचा तेवढंच खोडून काढतो आणि खऱ्या टिपणावरची चर्चा राहूनच जाते.