अमेरिकेतील बंदूक नियंत्रणाचा वाद

अमेरिकेत सामान्य नागरिकाने बंदूक कोणती आणि कोणाकडून घ्यावी, ती कुठे बाळगावी आणि कोणाच्या हाती ती मुळीच पडू नये, हे ठरवणारे कायदे व त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वाद. त्याचे मूळ १७९१ मध्ये संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. मूळ इंग्रजीत ती २७ शब्दांचे एकच वाक्य आहे. वाक्याच्या पूर्वार्धात सुव्यवस्थित नागरी सेनेचा उल्लेख येतो, उत्तरार्धात लोकांच्या शस्त्रे बाळगण्याच्या हक्काचा. नियंत्रण हवे असणारे पूर्वार्धावर बोट ठेवतात, नको असणारे उत्तरार्धावर. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. त्या सगळ्या परत घेणे कोणालाच शक्य दिसत नाही. त्यामुळे खरी झुंज पुढची बंदूक कोणाच्या हाती पडणार यावर आहे.

बंदुकीने झालेले मृत्यू २०१९ मध्ये ३९,७०७ होते. करोनाच्या पहिल्या वर्षी ते ४५,२२२ झाले आणि २०२१ मध्ये ४८,८३० या उच्चांकाला पोहोचले. एकट्या २०२० मध्ये देशातील खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. राष्ट्रीय नोंदी सुरू झाल्यापासून एका वर्षात एवढी वाढ झाली नव्हती. त्याच वर्षी १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदूक ठरली. तोवर ती जागा मोटार अपघातांची होती. पुढे आकडा उतरू लागला. २०२३ मध्ये तो ४६,७२८ होता.

हे आकडे फोडून पाहिले की वादाचा रोख किती भलतीकडे असतो ते कळते. २०२३ मधील या मृत्यूंपैकी २७,३०० आत्महत्या होत्या आणि १७,९२७ खून. एफबीआयच्या २०२० च्या नोंदींत बंदुकीने झालेल्या खुनांपैकी ५९ टक्के पिस्तुलाने आणि ३ टक्के रायफलने झाले होते. उरलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी शस्त्राचा प्रकार लिहिलेलाच नव्हता. सभागृहांतली आणि दूरचित्रवाणीवरची चर्चा मात्र लष्करी वळणाच्या एआर-१५ धाटणीच्या रायफलींभोवती फिरते. सामूहिक गोळीबार मोजण्याची रीतही एक नाही. गन व्हायोलन्स अर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर सोडून चार जणांना गोळी लागली की घटना धरते, तर केंद्रीय कायद्यातील ‘सामूहिक हत्या’ तीन जण दगावल्यावर ठरते. दोन्ही बाजू वेगवेगळे आकडे फेकतात आणि दोघांचेही आपापल्या व्याख्येपुरते बरोबर असतात.

खरेदीच्या वेळची तपासणी हा नियंत्रणाचा कणा. केनेडींच्या हत्येतील रायफल टपालाने मागवलेली होती. १९६८ च्या कायद्याने परराज्यातून टपालाने बंदूक मागवणे बंद केले आणि विक्रेत्याला केंद्रीय परवाना सक्तीचा केला. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने ग्राहकाची पूर्वपीठिका तपासणे आले. त्यासाठीची संगणकीय यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली. काउंटरवर ग्राहक ओळखपत्र दाखवतो आणि फॉर्म ४४७३ भरतो. बंदुकीचा खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा सिद्ध झाला आहे का, घरगुती हिंसेबद्दल दोषी ठरला आहात का, न्यायालयाने मनोरुग्ण ठरवले आहे का, बेकायदा अमली पदार्थ घेता का, असे प्रश्न त्यात असतात. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्याने तो बेकायदाच धरला जातो, ही मेख अनेक ग्राहकांच्या लक्षात येत नाही. मग दुकानदार एफबीआयकडे किंवा राज्याच्या यंत्रणेकडे चौकशी करतो. उत्तर तीनपैकी एक येते: विका, विकू नका, थांबा. बहुतेकांचा निकाल काही मिनिटांत लागतो.

घात होतो तो ‘थांबा’ या उत्तरात. कामकाजाच्या तीन दिवसांत निर्णय आला नाही, तर केंद्रीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. ११ एप्रिल २०१५ रोजी साउथ कॅरोलायनातील एका तरुणाने पिस्तूल मागितले. अमली पदार्थ बाळगल्याची त्याची कबुली पोलिसांच्या कागदात होती. ती हाती आली असती तर विक्री थांबली असती. पण नोंदीत अटक करणाऱ्या विभागाचे नाव चुकले होते, एफबीआयच्या तपासनिसाची विचारणा भलत्याच कार्यालयाकडे गेली आणि मुदत संपली. १६ एप्रिलला पिस्तूल त्याच्या हाती पडले. १७ जूनला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये त्याने नऊ जणांना मारले. २०१७ मध्ये टेक्सासमधील सदर्लंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ बळी गेले. तिथे ‘थांबा’ हे उत्तरसुद्धा आले नव्हते, कारण हल्लेखोर घरगुती हिंसेत दोषी ठरल्याची नोंद हवाई दलाने एफबीआयला कळवलीच नव्हती. यंत्रणेत जे भरले जाते तेच ती शोधू शकते.

दुसरे भोक खासगी विक्रीचे. एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहाराला केंद्रीय कायद्याने तपासणी लागत नाही. काही राज्यांनी ती स्वतः सक्तीची केली आहे. सॅंडी हूक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेल्यावर हे भोक बऱ्याच अंशी बुजवणारा प्रस्ताव सिनेटपुढे आला. एप्रिल २०१३ मध्ये त्याला ५४ मते मिळाली. लागत होती ६०. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणारा ‘बनावट खरेदीदार’ तर तपासणीत सापडतच नाही, कारण त्याची स्वतःची पाटी कोरी असते.

गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढण्याची रीत पाहिली की कायद्याने सरकारचे हात किती बांधले आहेत ते दिसते. मालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने बंदी घातली. त्यामुळे पोलीस बंदुकीची कंपनी, मॉडेल, कॅलिबर (नळीचा व्यास) आणि अनुक्रमांक वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गच्या राष्ट्रीय केंद्राला कळवतात. तिथले कर्मचारी कारखान्याला विचारतात, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, व्यापारी दुकानदाराचे, आणि दुकानदार फाइलीतला फॉर्म ४४७३ काढतो. दुकान बंद झालेले असेल तर त्याची दप्तरे मार्टिन्सबर्गलाच आलेली असतात. त्यांची पाने छायाचित्रांसारखी साठवलेली असून खरेदीदाराच्या नावाने त्यांत शोध घेता येत नाही. एवढे करून मिळते ते पहिल्या ग्राहकाचे नाव. पुढे बंदूक किती हातांतून गेली, ते पोलिसांनी पायपीट करून शोधायचे. सुट्या भागांच्या संचातून जोडलेल्या ‘घोस्ट गन’ला तर अनुक्रमांकच नसे, अशा संचांनाही अनुक्रमांक आणि तपासणी लावणारा २०२२ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला.

शस्त्राच्या प्रकारावर बंदी घालताना व्याख्या फसते. १९९४ ते २००४ या काळातील बंदीत, काढता येण्याजोगे मॅगझिन (काडतुसांची पेटी) असलेल्या अर्धस्वयंचलित, म्हणजे चाप ओढला की दर वेळी एकच गोळी सुटणाऱ्या, रायफलीवर घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवायची खोबण अशा पाच वैशिष्ट्यांपैकी दोन असली की ती निषिद्ध ठरे. कारखान्यांनी एखादे वैशिष्ट्य काढून तेच यंत्र विकले. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरही बंदी होती, पण आधीचा साठा मोकळाच राहिला. बंप स्टॉकचेही तसेच झाले. बंदुकीच्या धक्क्याने चाप पुन्हापुन्हा बोटावर आपटवणारा हा दस्ता लास व्हेगासच्या २०१७ मधील हत्याकांडात वापरला गेला, पुढे त्यावर बंदी आली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. दर गोळीला चाप स्वतंत्रपणे हलतो, म्हणून कायद्याच्या शब्दांत ही मशीनगन नव्हे, असा तो निकाल.

हेलर खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला. ब्रुएन निकालाने (२०२२) कसोटीच बदलली: निर्बंध उपयोगी आहे का हे पाहायचे नाही, तसा निर्बंध देशाच्या इतिहासात बसतो का हे पाहायचे. त्यामुळे खालच्या न्यायालयांत अठराव्या शतकातील कायद्यांची पाने उलटली जाऊ लागली. ब्रुएन निकालानंतर काही दिवसांतच, टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेतील १९ मुलांच्या आणि २ शिक्षिकांच्या हत्येनंतर, जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. २१ वर्षांखालील ग्राहकाची बालगुन्ह्यांची नोंद पाहून मुदत दहा कामकाजी दिवसांपर्यंत वाढवण्याची सोय त्यात आहे. शिवाय धोकादायक व्यक्तीकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक तात्पुरती काढून घेणाऱ्या ‘रेड फ्लॅग’ कायद्यांसाठी राज्यांना पैसा आहे. असा कायदा सर्वांत आधी कनेटिकटने १९९९ मध्ये केला. आत्महत्या रोखण्यासाठी त्याची मोठी गरज आहे, कारण संकटाचा काळ सहसा थोडाच असतो आणि तेवढ्यापुरती बंदूक घराबाहेर राहिली तर मदतीला वेळ मिळतो. बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवण्याचा नियम त्याच कारणासाठी. रँड संस्थेच्या संशोधन आढाव्यात, मुलांच्या हाती बंदूक लागू न देण्याची जबाबदारी मालकावर टाकणाऱ्या कायद्यांचा परिणाम भक्कम पुराव्याने दिसतो. घरगुती हिंसेच्या संरक्षण आदेशाखालील व्यक्तीला बंदूक नाकारणारा केंद्रीय नियमही ब्रुएनच्या कसोटीवर टिकला: रहिमी खटल्यात २०२४ मध्ये, ८ विरुद्ध १.