मासेमारीची पक्कड

मासेमारीची पक्कड : गळाने मासे धरणाऱ्याच्या, म्हणजे गरवणाऱ्याच्या, कमरेला असणारे लांब चोचीचे हत्यार. माशाच्या तोंडात रुतलेला गळ काढणे हे तिचे मुख्य काम. त्याशिवाय दोरी कापणे, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चेपणे, शिशाचा मणी दोरीवर दाबून बसवणे, तारेच्या गाठीवरची नळी आवळणे आणि कृत्रिम आमिषाला गळ जोडणाऱ्या दुहेरी कड्या उघडणे हीसुद्धा तिचीच कामे. घरच्या हत्यारपेटीतल्या पकडीने यातली बरीचशी कामे निभावतात, पण ती कोरड्या जागी, दोन्ही हात मोकळे असताना वापरण्यासाठी घडवलेली असते. गरवणाऱ्याच्या एका हातात वळवळणारा मासा असतो, दुसरा हात ओला आणि बुळबुळीत असतो आणि मासा परत सोडायचा असेल तर त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवता येत नाही. पक्कड निवडताना हे काही क्षण डोळ्यांसमोर ठेवावेत. धातूचे नाव, रंग, चकाकी यांचा विचार त्यानंतर.

गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने उलटा बाहेर काढावा लागतो. पकडीची चोच गळाच्या बाकावर घट्ट बसवायची, गळ किंचित आत रेटून उलटा काटा मोकळा करायचा आणि मग मनगट वळवून तो बाहेर घ्यायचा. यासाठी चोच माशाच्या तोंडात शिरली पाहिजे आणि तिच्या अगदी टोकालाही पकड असली पाहिजे. बहुतेक माशांसाठी एकूण १५ ते २० सेंमी. लांबीची पक्कड पुरते. पाइक किंवा बाराकुडासारख्या तीक्ष्ण दातांच्या माशांसाठी २५ सेंमी.पेक्षा लांब पक्कड घ्यावी, म्हणजे बोटे दातांपासून दूर राहतात. चिमुकल्या तोंडाच्या ट्राउटसाठी तर पक्कडच जड पडते. तिथे शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दाबून धरायला वापरतात तसला अडकणारा बारीक चिमटा अधिक सोयीचा.

लांब चोच हवीहवीशी वाटते, पण ती जोर खाते. पक्कड म्हणजे एका खिळीवर फिरणाऱ्या दोन तरफा. खिळीपासून १० सेंमी.वर मूठ दाबली आणि चोचीचे टोक ५ सेंमी.वर असेल, तर हाताचा जोर टोकाशी दुप्पट होतो. चोच १० सेंमी. केली की तो वाढतच नाही, जेवढ्यास तेवढा राहतो. कापणारी पाती खिळीपासून १ सेंमी.वर असतील तर तिथे तोच जोर दहापट होतो. म्हणून पाती खिळीच्या जवळ असलेली पक्कड पसंत करावी, आणि चोच गरजेपुरतीच लांब घ्यावी. कठीण हाडात रुतलेला जाड गळ फार लांब, बारीक चोचीने ओढायला गेले की चोचीची टोके एकमेकांवरून सरकतात आणि गळ निसटतो.

सांधा : माझ्या मते पकडीची परीक्षा इथेच होते आणि विकत घेताना बहुतेक जण नेमके इकडेच दुर्लक्ष करतात. दोन्ही जबडे हातात धरून वरखाली आणि आडवे हलवून पाहावेत. नव्या पकडीतच खेळ जाणवला तर ती ठेवून द्यावी, कारण वापराने तो वाढतच जाणार. मग पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. टोके आधी टेकून मागे बारीक फट दिसली तर चालते, कारण जोर दिल्यावर ती मिटते. टोके उघडी आणि मागचा भाग टेकलेला असेल तर बारीक गळ तिच्यात कधीच टिकणार नाही. जबड्यांचे आतले दातरे उथळ आणि सारखे असावेत. फार खोल दातरे गळाचा मुलामा खरवडतात, शिशाचा मणी विद्रूप करतात आणि दोरी चुकून मध्ये आली तर तिला इजा करतात. दुहेरी कड्या उघडण्यासाठी एका टोकाला छोटा आकडा असतो. कृत्रिम आमिष वापरणाऱ्यांना तो फार कामाचा, पण साध्या गळावर जिवंत आमिष लावणाऱ्याला त्याची अडचणच होते, कारण त्यामुळे टोके नीट मिटत नाहीत.

पाती : दोरी बदलली तशी पकडीची पातीही बदलली. नायलॉन १९३८ मध्ये जाहीर झाले आणि पुढे एकसंध नायलॉनचे तंगूस सर्वत्र पसरले. ते कापायला साधी पोलादी पातीही पुरतात. १९९० च्या दशकापासून पॉलिएथिलीनच्या अतिबळकट तंतूंची विणलेली दोरी, जिला गरवणारे ब्रेड म्हणतात, रुळली आणि जुन्या पकडी तिच्यापुढे हरल्या. तिचे तंतू इतके बारीक, गुळगुळीत आणि चिवट असतात की पात्यांमध्ये केसाएवढी फट असली तरी दोरी कापली जाण्याऐवजी दुमडून आत शिरते आणि तिची टोके पिंजतात. इथे टंगस्टन कार्बाइडची पाती उपयोगी पडतात. ती अत्यंत कठीण असल्याने त्यांची धार पोलादापेक्षा पुष्कळ टिकते. पण कठीण तितकी ठिसूळही असतात : कडक केलेल्या पोलादी गळाची दांडी त्यांनी तोडायला गेलात तर धारेचा तुकडा उडू शकतो. गळ कापायचाच असेल तर, उदाहरणार्थ तो कुणाच्या बोटात आरपार गेला असेल तर, जाड धारेची वेगळी कातर जवळ बाळगावी. पाती स्क्रूने बसवलेली आणि बदलता येणारी असतील तर उत्तम. ब्रेडचा तुकडा ताणून कापला की कुठलीही पक्कड चांगली वाटते, म्हणून पारख करताना तो सैल धरून कापून बघावा. एकाच दाबात, पिंजल्याशिवाय तुटला तर पाती बरोबर जुळलेली आहेत.

चांगली धार माशाच्याही कामाची असते. त्याने गळ घशात खोलवर गिळला असेल तर तो उपसण्यापेक्षा दोरी तोंडाशी कापून मासा सोडल्यास तो जगण्याची शक्यता अधिक. अशा वेळी बोथट पक्कड घेऊन झटापट करणे माशावर अन्याय करणारे आहे. उलटा काटा आधीच चेपून टाकणारे गरवणारे आहेत. त्यासाठी टोकाशी सपाट आणि मजबूत जबडा लागतो.

शिशाचे चिरलेले मणी दाताने दाबण्याची खोड अनेकांना असते. शिसे विषारी आहे, त्यामुळे हे काम पकडीचेच. ब्रिटनमध्ये शिशाचे मणी गिळून हंस मरू लागल्यावर १९८७ पासून गरवण्याच्या बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. त्यांच्या जागी आलेले कथिलाचे मणी शिशापेक्षा जरा कठीण असतात, तेव्हा ते दाबायलाही दातांपेक्षा पक्कडच बरी.

धातू : गोड्या पाण्यात मुलामा दिलेले साधे पोलादही वर्षानुवर्षे टिकते. समुद्रावर मात्र मुलाम्याला ओरखडा पडला की तिथूनच गंज सुरू होतो. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर धातूला जपतो. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनमही असल्याने ती मिठाला चांगली तोंड देते, पण तापवून थंड करण्याच्या प्रक्रियेने कडक होत नाही. ४२० प्रत तशी कडक होते, म्हणून जबड्यांना आणि पात्यांना ती चांगली, मात्र गंजाला ती लवकर बळी पडते. म्हणजे ‘स्टेनलेस’ एवढा एकच शब्द वाचून काही कळत नाही. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, त्यामुळे त्याची पक्कड कमरेला जाणवत नाही. त्यातली ७०७५ मिश्रधातूची प्रत ६०६१ पेक्षा बरीच बळकट आहे, पण खाऱ्या पाण्यात ६०६१ अधिक टिकते. बहुतेक ॲल्युमिनियमच्या पकडींना जबडे पोलादाचे असतात आणि अडचण तिथेच आहे : दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांचा विद्युतघट बनतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवर चढवलेल्या ऑक्साइडचा, रंगीत थर हे थोपवतो, पण स्क्रूच्या भोकांशी तो अनेकदा तुटलेला असतो, आणि झिजेची पांढरी भुकटी आधी तिथेच दिसते. टायटेनियमला ही भीती जवळपास नाही. ते पोलादापेक्षा हलके आहे आणि समुद्राच्या पाण्यात गंजत नाही. किंमत मात्र तशीच चढी असते.

मूठ आणि स्प्रिंग : पक्कड एका हाताने उघडता आली पाहिजे, म्हणून आपोआप उघडणारी स्प्रिंग हवीच. ती इतकी जोरकस नसावी की हात थकेल. मुठी पूर्ण उघडल्या तरी पंजात मावतात का, ते ज्या हाताने वापरणार त्याच हाताने, पाण्यात बुडवून ओल्या केलेल्या बोटांनी पाहावे. सैल प्लास्टिकची आवरणे टाळावीत, कारण त्यांच्याखाली खारे पाणी साचून राहते. पक्कड पाण्यात बुडते, तेव्हा दोरीने कमरेला बांधलेली असणे अत्यावश्यक.

निगा : समुद्रावरून आल्यावर ती गोड्या पाण्यात बुडवून सांधा काही वेळा उघडमीट करावा. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट सांध्यात आत ढकलले जाते. मग ती पूर्ण वाळवावी आणि सांध्यावर तेलाचा एखादा थेंब सोडावा. ओली पक्कड तशीच म्यानात घालून ठेवण्याने जितक्या चांगल्या पकडी गेल्या असतील तितक्या वापराने गेल्या नसतील : स्टेनलेसचा संरक्षक थर पुन्हा धरायला हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि बंद, खारट म्यानात तो मिळत नसल्याने धातूवर बारीक खड्डे पडतात. रात्रभर ती म्यानाबाहेर, उघडी ठेवावी आणि म्यानही धुऊन वाळवावे.