दिवठणीवरचा दिवा आणि प्रकाशझोत

येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलेल्या दोन गोष्टींची सांगड घालताना दर रविवारी उपासनेला येणारी माणसंही अडखळतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात तो म्हणतो, दिवा लावून कोणी धान्य मोजायच्या मापाखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतात. लोकांना तुमची सत्कर्मं दिसू द्या, म्हणजे ते स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतील. पान उलटलं की ६व्या अध्यायात तोच बजावतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. दान देताना कर्णा वाजवू नका, प्रार्थना खोलीत दार लावून करा. मग दाखवायचं की झाकायचं?

दोन्ही वचनांच्या आधी काय आलंय ते पाहिलं की बराचसा गुंता सुटतो. दिव्याचं वचन येण्याच्या जरा आधी येशू छळाबद्दल बोलतो: माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील, तुमच्याविरुद्ध खोटंनाटं बोलतील. हे ऐकलेल्या माणसाला गप्प बसावंसं वाटणार, म्हणून त्याला सांगितलं की लपू नकोस. ६व्या अध्यायातला माणूस वेगळा आहे. त्याला वाहवा मिळतेय आणि ती आवडू लागली आहे. पण बऱ्याचदा ही दोन्ही माणसं एकाच घरात, एकाच अंगात राहतात. हिंजवडीच्या ऑफिसात आपण ख्रिस्ती आहोत हे कुणाला कळू नये म्हणून जपणारा माणूस रविवारी चर्चच्या मंडळीत सगळ्यांत लांबलचक प्रार्थना करतो. त्याला दोन्ही वचनं लागू पडतात, फक्त त्यानं ती उलट्या जागी लावली आहेत.

नाताळच्या आधी वस्त्यांमध्ये धान्यवाटप होतं. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती. मागे बॅनर, पुढे रांग. पिशवी हातात आल्यावर एका बाईंना फोटोसाठी थांबायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पदर ओढून तोंड झाकून घेतलं. तिथे प्रकाश होता, पण तो देणाऱ्यांवर पडला होता आणि घेणारी अंधारात गेली होती. माझ्या मते ओळखायची खूण हीच: तुमच्या सत्कर्मामुळे समोरच्याला तोंड लपवावं लागत असेल, तर तो कर्णा आहे. वाटलेलं धान्य खरं असलं, हेतू चांगला असला, तरी आहे.

याउलट रात्रपाळीची नर्स घ्या. गौरी-गणपतीत सहकारी मैत्रिणीला घरी जाता यावं म्हणून ती तिची ड्युटी स्वतःकडे घेते. पहाटे तीनला एका आजोबांची चादर भिजते. त्यांना संकोच वाटू नये म्हणून ती गावाकडच्या पावसापाण्याचं बोलत बोलत चादर बदलते. प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं की जगात ज्योतींसारखे दिसा. पण त्याच्या लगेच आधी त्यानं लिहिलंय, जे काही कराल ते कुरकुर न करता करा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आणि कुणी तिला विचारलंच, "तू दर वर्षी हे का करतेस गं?" तर "सहजच" म्हणून विषय टाळणं ही नम्रता नाही. येशूचा शिष्य पेत्र यानं सांगितल्याप्रमाणे सौम्यपणे खरं उत्तर द्यावं: "प्रभूनं माझ्यासाठी खूप केलंय." एवढं पुरे. तिथेच धर्मप्रचाराची पत्रिका हातात ठेवायची गरज नसते.

दोन्ही वचनांचा कस लागलेली गोष्ट पुण्यातच घडली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. बालविधवांना शिकवायचं, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या मुलगी मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून गहजब झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी दार लावलं नाही.

पण येशूनं तर दार लावायला सांगितलं होतं ना? त्यानं ते सांगितलं कौतुकासाठी नाक्यावर उभं राहणाऱ्याला. रमाबाईंना उघड्या दारानं कौतुक मिळालं नाही, होतं तेही गेलं. दार लावलं असतं तर ते लोकांच्या भीतीनं, म्हणजे दिवा मापाखाली ठेवणंच झालं असतं. सल्लागारांची काळजी मात्र मी खोटी म्हणणार नाही. मुली लहान होत्या, आसऱ्याला आलेल्या होत्या, आणि आसरा देणाऱ्याच्या श्रद्धेचं वजन आश्रितावर पडतंच. प्रकाश देणाऱ्यानं हे वजन रोज ओळखून राहायला हवं. आजही वसतिगृह किंवा दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येक मंडळीपुढे हा प्रश्न आहे.

पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे शिकल्या, विणू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. त्या कामाची खबर रमाबाई 'मुक्ती प्रेअर बेल' या पत्रातून देणगीदारांना छापून कळवत. ती प्रसिद्धी होती, पण ६व्या अध्यायातला कर्णा नव्हता, कारण लोकांनी दिलेल्या पैशाचं काय झालं हे सांगणं त्यांचं कर्तव्यच होतं.

म्हणून नाताळ-वाटपाच्या बैठकीत मी एवढंच मांडेन: फोटो हवाच असेल तर गोण्यांचा काढा, जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा, आणि पिशव्या संध्याकाळी दोघा-दोघांनी घरी नेऊन द्या. कुणी पाठवल्या असं विचारलं, तर चर्चचं नाव न लपवता सांगा, आणि त्यांनी चहाला बसा म्हटलं तर बसा.