हवा कमी का भरतो? ग्रॅव्हल सायकल (खडबडीत वाटांवर चालवायची सायकल) भाड्यानं नेणाऱ्या ग्राहकांसाठी

सायकल हातात आली की बहुतेक जण आधी अंगठ्यानं टायर दाबून बघतात आणि विचारतात, "हवा कमी वाटत्या की हो?" काही जण विचारतही नाहीत. वाटेत पेट्रोल पंपावर थांबतात, टाईट हवा मारून घेतात आणि पुढं जातात. दुपारी फोन येतो की मसाई पठाराच्या अलीकडं चाक बसलंय. गाडी काढून तिथं पोचायचं, टायर उतरवायचा, रिम पुसायची, नवं सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) घालायचं यात आमचा दिवस जातो आणि तुमची राईड अर्धी राहते. म्हणून हे पत्रक देतोय. निघण्याआधी एकदा वाचा.

हवा विसरून कमी राहिलेली नसते. ती मोजून तेवढीच भरलेली असते.

७० किलोच्या माणसाला, ४० मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरवर, दगडगोट्यांच्या वाटेसाठी पुढच्या चाकात साधारण ३२ आणि मागच्या चाकात ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) एवढी हवा आम्ही ठेवतो. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून तिथं थोडी जास्त. वजनात दहा किलोंचा फरक असेल तर दोन-एक पीएसआय इकडंतिकडं. बुकिंग करताना आम्ही वजन विचारतो ते याचसाठी, कृपया राग मानू नका आणि खरं सांगा. पाठीवरची सॅक आणि पाण्याच्या बाटल्याही त्यात धरा.

जुन्या काळ्या सायकलीपासून आपल्याला सवय आहे की चाक कडक असलं की सायकल पळते. डांबरावर त्यात तथ्य आहे. खडबडीत वाटेवर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो, आणि त्याच्याबरोबर सायकल आणि तुम्हीही. पायांनी लावलेला जोर पुढं जाण्याऐवजी ह्या उडण्यात खर्च होतो. थोडा मऊ टायर दगडावर दबतो, त्याला कवेत घेऊन पुढं सरकतो. पकड वाढते, मनगटं आणि कंबर दुखत नाही. उतारावर ब्रेक दाबला तर चाक सहजी घसरत नाही, आणि पन्हाळ्याहून खाली येताना हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

दुसरं कारण काट्यांचं. आपल्याकडं बांधावर बाभूळ असतेच, आणि छाटलेल्या फांद्या पाणंदीत पडलेल्या असतात. ट्यूबलेस टायरच्या आत पातळ सीलंट असतं. काटा घुसला की ते भोकाकडं धावतं आणि तिथंच घट्ट होतं. पण आत ७०-८० पीएसआय दाब असेल तर सीलंट धरायच्या आधीच बाहेर फेकलं जातं, आणि जो काटा तुम्हाला कळलाही नसता तो राईड थांबवतो. शिवाय आमच्या काही सायकलींच्या रिमना आतून टायर धरून ठेवणारी कड नसते. अशा रिमवर ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायचीच नाही, ही रिम बनवणाऱ्यांची मर्यादा आहे. जास्त हवेनं टायर चालत्या सायकलवरही रिमवरून निसटू शकतो. टायरच्या बाजूला छापलेला आकडाही कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही.

पेट्रोल पंपावरची नळी ह्या सायकलीच्या बारीक व्हॉल्व्हला थेट बसत नाही. मग कुणीतरी पितळी जोड लावून किंवा जोरानं दाबून हवा मारतं. मोटारीच्या टायरसाठी लावलेल्या त्या दाबात सायकलचं छोटं चाक क्षणात भरतं, आणि व्हॉल्व्हची सुई वाकते ती वेगळीच. सुई वाकली किंवा टायर जास्त हवेनं गेला तर दुरुस्तीचा खर्च घ्यावा लागतो. काट्याच्या पंक्चरचे पैसे मात्र आम्ही कधीच घेत नाही.

हवा वाटेत कमी-जास्त करायची तर

प्रत्येक सायकलसोबत हातपंप आणि हवेचा दाब मोजायचा छोटा गेज देतो, तो वापरा. अंगठ्यावर विश्वास ठेवू नका, मोटरसायकलच्या जाड टायरचा अंदाज इथं चालत नाही.

आणि बदलायची गरज पडते, कारण आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची जमीन थोड्या अंतरात बदलते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर पूर्वेला शिरोळकडं त्याच्या कितीतरी कमी. तिकडं लाल जांभा, इकडं नदीकाठची काळी माती. दोन्हींना एकच हवा चालणार नाही.

वाघबीळवरून पन्हाळ्यापर्यंत डांबर आहे, तिथं ४० ते ४५ भरून निघा. पुढं मसाई पठाराच्या वाटेला लागण्याआधी ३२-३५ वर आणा. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडं निघाले ते ह्याच पठारावरून. जांभ्याच्या कडा धारदार असतात, टायरची बाजू कापली जाते, म्हणून हवा फार उतरवूही नका, नाहीतर रिम थेट दगडावर आपटते. पावसाळ्याच्या शेवटी पठार फुललेलं असतं, तेव्हा मळलेली वाट सोडून फुलांवर सायकल घालू नका, ही कळकळीची विनंती.

राधानगरीचा रस्ता बहुतेक डांबरीच. धरणाच्या आसपास गाववाटा सुंदर आहेत, पण अभयारण्याच्या आत शिरण्याआधी वन विभागाची परवानगी घ्या. तिथं गवे आहेत, पहाटे आणि संध्याकाळी वाटेवर येतात.

शिरोळ, नृसिंहवाडी, खिद्रापूर ह्या बाजूला उसातल्या पाणंदी. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीनं खोल चाकोऱ्या पडतात आणि धूळ बारीक होते, तिथं २८-३० चांगली. पाऊस पडून गेल्यावर मात्र काळ्या रानात घुसू नका. तो चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसतो, चाक फिरतच नाही, आणि कितीही हवा कमी केली तरी उपयोग नाही. वाफसा यायची वाट बघा, शेतकरी बघतो तशीच. तोपर्यंत मुरमाचे रस्ते आहेतच.

स्वतःची सायकल असलेल्यांसाठी

आत ट्यूब असेल तर वरच्या आकड्यांत पाच-एक पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर सीलंट आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक हलवून बघा. आत पाण्यासारखा आवाज आला नाही तर ते वाळलंय. दुकानात आणलंत तर तुमच्यासमोर टायर उघडून दाखवतो, गरज असेल तेवढंच घालतो. दिवाळीनंतर पठारांचा मोसम सुरू होतो, तेव्हा गर्दी असते, त्याआधी आलात तर त्याच दिवशी काम होतं. गेजही विकत मिळतो, आणि पहिली खरेदी गेजची करा असंच आम्ही सगळ्यांना सांगतो, भारी टायर नंतर घेता येतात.

सायकल परत करताना चिखल लागलेला असेल तर तसाच आणा. गाड्या धुण्याच्या सेंटरवर जोराच्या पाण्यानं धुऊ नका, बेअरिंगमध्ये पाणी आणि बारीक वाळू शिरते. धुण्याचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही.

बुकिंग आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत करा आणि तेव्हाच सांगा: कुठं जाणार, किती जण, प्रत्येकाचं वजन किती. सकाळी प्रत्येक हँडलला हवेच्या आकड्यांची चिठ्ठी लावलेली असेल.